गाडगे महाराज

संत गाडगे महाराज, अर्थात गाडगेबाबा (जन्म : शेंडगाव, जिल्हा अमरावती, २३ फेब्रुवारी १८७६, मृत्यू : वलगाव, जिल्हा अमरावती, २० डिसेंबर १९५६) हे विसाव्या शतकातील महाराष्ट्राचे थोर कीर्तनकार, समाजसुधारक आणि लोकशिक्षक होते. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर असे होते. दिवसा हाती खराटा घेऊन गावाचे रस्ते झाडणारे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करून अज्ञान, व्यसन, कर्ज व अस्पृश्यता यांवर प्रहार करणारे साधुपुरुष म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तीर्थक्षेत्री आणि मोठ्या रुग्णालयाजवळ त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा हे त्यांच्या कार्याचे तितकेच महत्त्वाचे अंग होय. परगावी ऐनवेळी येऊन पोहोचलेल्या गरीब माणसाने रात्र कोठे काढावी, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले ते उत्तर होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राबरोबर या कार्याचा विशेष परामर्श घेतला आहे.

बालपण

डेबूजींचा जन्म परीट समाजातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे नाव सखुबाई. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्यातच त्यांचा अकाली मृत्यू झाला. सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. तेथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढले. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. गुरे राखणे, नांगरणी, पेरणी आणि राखण या कामांतच त्यांचे बालपण गेले. कष्टाची आवड, जनावरांवरील माया आणि स्वच्छतेचा ध्यास हे त्यांचे गुण याच काळात दिसू लागले.

मामांची शेती सावकाराच्या कर्जात बुडाली आणि त्या धक्क्याने मामा खचून मरण पावले. निरक्षर माणसाची फसवणूक किती सहज होते, हे डेबूजींनी स्वतःच्या घरात पाहिले. पुढे कीर्तनांतून त्यांनी कर्ज काढू नये आणि मुलांना शाळेत घालावे या दोन गोष्टींचा जो अखंड आग्रह धरला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजानुसार दारू आणि मांसाहाराची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी त्याऐवजी गोडाचे जेवण घातले. जातभाईंची नाराजी पत्करून त्यांनी केलेली ही पहिली उघड सुधारणा मानली जाते.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. त्यानंतरचे आयुष्य त्यांनी भ्रमंतीत घालवले. अंगावर चिंध्यांचा वेष, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी किंवा खराटा आणि मातीचे एक फुटके गाडगे, एवढीच त्यांची मालमत्ता होती. याच गाडग्यात ते भाकरी घेत, त्यातूनच पाणी पीत आणि उन्हात तेच डोक्यावर पालथे घालत. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. प्रदेशपरत्वे गोधडे महाराज, चिंधेबुवा, वट्टीसाधू अशीही नावे त्यांना मिळाली.

या भटकंतीत, अनोळखी गावात अंधार पडल्यावर येणाऱ्या माणसाची स्थिती त्यांनी स्वतः अनुभवली. मळक्या कपड्यांचा माणूस पाहून लोक ओट्यावरून उठवीत, देवळाच्या ओवरीतून हुसकावीत, त्याची जात विचारीत. गाडगेबाबांनी हा उपेक्षितांचा वेष अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांच्या पुढील कार्याकडे पाहताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कीर्तन आणि लोकशिक्षण

गावात शिरल्यावर गाडगेबाबा प्रथम रस्ते, गटारे आणि पाणवठ्याचा परिसर झाडून काढीत. काम झाल्यावर मिळेल ती भाकरी कामाचा मोबदला म्हणून घेत. रात्री कीर्तन होई. त्यांची भाषा अस्सल वऱ्हाडी होती. शास्त्रार्थ सांगण्याऐवजी ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. सावकारी कर्ज, हुंडा, दारू, नवसासाठी होणारी पशुहत्या, अस्पृश्यता आणि मुलांच्या शिक्षणाविषयीची अनास्था हे त्यांच्या कीर्तनाचे नेहमीचे विषय होते. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका होती. पाया पडू पाहणाऱ्यांना ते दूर सारीत.

तीर्थयात्रेविषयी त्यांचे मत परखड होते. घर गहाण टाकून वा कर्ज काढून यात्रा करू नये, देव देवळात शोधण्यापेक्षा भुकेल्या माणसात पाहावा, असे ते सांगत. पंढरपूरला ते दरवर्षी जात, परंतु विठ्ठलाच्या दर्शनासाठी मंदिरात जात नसत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. अशा माणसाने यात्रेकरूंसाठीच सर्वाधिक इमारती बांधाव्यात, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि त्यांच्या दृष्टीने यात्रा हा देवाचा सोहळा असण्यापेक्षा लाखो गरीब माणसे एकत्र येण्याचा प्रसंग होता. माणसे येणारच असतील तर त्यांनी चिखलात झोपू नये आणि दूषित पाणी पिऊन आजारी पडू नये, असा हा सरळ विचार होता.

यात्रेकरूंच्या मुक्कामाचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या आरंभी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा क्षेत्रांत मुक्कामाची निवड ही ऐपत आणि जात यांवर ठरत असे. सधन यात्रेकरू आपल्या परंपरागत क्षेत्रोपाध्यायाच्या वाड्यात उतरत. दिंडीबरोबर आलेल्यांना फडाच्या मठात जागा मिळे. काही जातींच्या वा संस्थानांच्या स्वतःच्या धर्मशाळा होत्या. या तिन्हींपैकी काहीच नसलेल्यांना नदीचे वाळवंट, रस्त्याची कड आणि झाडाखालची जागा एवढाच पर्याय उरे. आषाढीच्या पावसात या गर्दीत पटकीची साथ पसरणे ही त्या काळी वारंवार घडणारी गोष्ट होती.

शेतकऱ्याची यात्रा बहुधा पूर्वनियोजित नसते. पाऊस केव्हा पडतो आणि पेरणी केव्हा उरकते, यावर आषाढीला निघणे अवलंबून असते. पूर्व विदर्भातील भाताच्या मुलखात तर ही अडचण अधिक होती. गोंदिया तालुक्यातील कामठा हे गाव त्या काळी भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तेथील शेतकऱ्याच्या बांधीत आषाढात पऱ्हे तयार होत असतात आणि पुरेसा पाऊस झाला की रोवणी सुरू करावी लागते. त्यामुळे जायचे की नाही, हे अगदी शेवटच्या घडीला ठरे. गोंदियाहून नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड आणि कुर्डुवाडी असे टप्पे घेत, आणि कुर्डुवाडीपासून १९०६ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाने पंढरपूर गाठावे लागे. इतक्या दुरून येणाऱ्या यात्रेकरूची तेथे ना ओळख असे, ना आगाऊ सोय. गाडी उशिरा पोहोचली आणि जवळ पैसे थोडे असले, तर उपलब्ध जागेतून निवड करणे दूरच, जागा मिळणे हाच प्रश्न असे.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील यात्रेकरूंची स्थिती याहून बिकट होती. पैसे असले तरी त्यांना धर्मशाळेचे दार उघडत नसे. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांना मंदिरात प्रवेश मिळाला नव्हता, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या वारशाचे वारकरी सहाशे वर्षांनंतरही मंदिराबाहेरच थांबत होते, आणि मुक्कामासाठी गावाबाहेर जात होते.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी मुद्गलेश्वराची यात्रा भरते. नदीचा काठ उताराचा आणि निसरडा असल्याने स्नानासाठी येणारी म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या स्त्रिया चिखलात घसरून पडत. गाडगेबाबांनी आधी स्वतः माती वाहून पायवाट केली आणि १९०८ मध्ये लोकांच्या मदतीने तेथे घाट बांधून घेतला. हे त्यांचे पहिले मोठे बांधकाम होय. पुढे याच यात्रेत आंधळे, पांगळे आणि निराधार यांना अन्नवस्त्र देण्याचा प्रघात त्यांनी सुरू केला.

ऋणमोचनच्या कामात त्यांच्या पुढील पद्धतीची सर्व लक्षणे दिसतात. प्रथम अडचण प्रत्यक्ष पाहायची, मग स्वतः काम सुरू करायचे, त्यानंतर कीर्तनातून लोकांना आवाहन करायचे आणि काम पूर्ण होताच तेथून निघून जायचे, असा हा क्रम होता.

पंढरपूरच्या धर्मशाळा

१९२० च्या सुमारास पंढरपुरात गाडगेबाबांच्या प्रयत्नांतून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. दलित वारकऱ्यांना पंढरीत हक्काने उतरता येईल अशी ही जागा होती. त्याच नगरीत त्यांनी मराठा धर्मशाळाही बांधली. जातिभेदाचा कडवा विरोधक असलेल्या माणसाने बांधलेल्या वास्तूंना जातिवाचक नावे असावीत, याचे आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. परंतु त्या काळी मुक्कामाची सोय जातीनिहायच होती. ज्यांना कोणतेच दार उघडे नव्हते, त्यांच्यासाठी निश्चितपणे उघडे राहील असे दार निर्माण करणे हे तातडीचे काम होते. भेद नाहीसा होण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला त्या रात्री छप्पर मिळणार नव्हते.

चोखामेळा धर्मशाळेचे महत्त्व समजून घेण्यासाठी पुढील कालक्रम उपयुक्त ठरतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. या दोन्ही घटनांच्या कितीतरी आधी गाडगेबाबांनी दलित वारकऱ्याला पंढरीत मुक्कामाची जागा मिळवून दिली होती. मंदिरप्रवेशाचा लढा त्यांनी लढवला नाही. मात्र ज्याला देवळात जाता येत नाही त्यालाही रात्री निवारा हवा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील हेतू होता. यात्रा वर्षातून काही दिवस चालते, शिक्षणासाठी गाव सोडून आलेल्या मुलाला मात्र वर्षभर निवास लागतो, ही त्यांची दृष्टी यातून प्रकट होते.

इतर धर्मशाळा आणि त्यांची व्यवस्था

मूर्तिजापूर येथे १९२५ मध्ये त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभारले, तेथे धर्मशाळा आणि विद्यालयही झाले. नाशिक, आळंदी, देहू आणि त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांतही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थ मेळ्यामुळे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे निवासाची गरज विशेष होती.

या वास्तूंचा पैसा लोकवर्गणीतून आला. गाडगेबाबा पैशाला हात लावीत नसत. देणगीचा हिशेब ठेवण्यासाठी विश्वासू कार्यकर्ते नेमलेले असत आणि बांधकामावर श्रमदान करण्यासाठी गावोगावचे लोक येत. भक्कम भिंती, पाण्याची सोय, स्वयंपाकापुरती जागा आणि काटेकोर स्वच्छता यांवर त्यांचा भर असे. शोभेसाठी खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. काही ठिकाणी धर्मशाळेला जोडून सदावर्त, म्हणजे गरजूंना नित्य अन्नदान, चालवले जाई.

धर्मशाळा आणि भाड्याची खोली यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. भाड्याच्या खोलीत पैसे देणाऱ्याचा हक्क असतो आणि तो आगाऊ राखून ठेवता येतो. धर्मशाळेत हक्क गरजेचा असतो. जो आधी कळवू शकला नाही, ज्याची तेथे ओळख नाही आणि ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे नाहीत, त्याच्यासाठीच ती प्रामुख्याने असते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवास

उत्तरायुष्यात गाडगेबाबांचे लक्ष आणखी एका प्रकारच्या प्रवाशाकडे वळले. मुंबईच्या जमशेदजी जीजीभाई रुग्णालयात, म्हणजेच जे. जे. रुग्णालयात, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येत. रुग्णाला खाट मिळे, परंतु त्याच्यासोबत आलेली पत्नी, आई वा भाऊ यांना रस्त्याच्या कडेला पथारी पसरावी लागे. या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारण्यात आली.

तीर्थयात्रेला निदान तिथी ठरलेली असते. आजाराचा प्रवास मात्र कोणी ठरवून करीत नाही. रात्रीतून निघावे लागते, किती दिवस राहावे लागेल हे माहीत नसते आणि औषधपाण्यावर खर्च झाल्यावर निवासासाठी पैसा उरत नाही. तीर्थक्षेत्री मिळणारी सोय रुग्णालयाच्या दारातही हवी, हा विचार आज सर्वमान्य वाटतो. त्या काळी तो नवा होता.

मुंबईतील दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस उपचारासाठी जाणाऱ्या दूरच्या रुग्णांना अशा निवासाचे मोल विशेष जाणवते.

संस्था आणि कुटुंब

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे आणि सदावर्ते यांचा कारभार व्यवस्थित चालावा हा तिचा उद्देश होता. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवताना गाडगेबाबांनी स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी कोणताही अधिकार राखला नाही. त्यांनी उभारलेल्या वास्तूंचा उपभोग कुटुंबीयांनी घेऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. कुंताबाईंनी अखेरपर्यंत साधेपणाने दिवस काढले.

१९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद मरण पावला. ही वार्ता आली तेव्हा गाडगेबाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. या प्रसंगाकडे त्यांच्या वैराग्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. त्याचबरोबर, हजारो अनोळखी माणसांच्या निवाऱ्याची चिंता वाहणाऱ्या या पुरुषाच्या घराने त्यासाठी कोणती किंमत मोजली, हेही त्यातून कळते.

समकालीनांशी संबंध

डॉ. आंबेडकर यांच्याविषयी गाडगेबाबांना नितांत आदर होता आणि दोघांच्या भेटीही होत असत. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यासही त्यांनी पाठबळ दिले. या संस्थेने १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव देण्यात आले. विदर्भातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्याशी त्यांचा स्नेह होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्या सहवासात राहिले होते आणि त्यांनीही पुढे त्यांच्यावर लेखन केले.

अखेर

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती ढासळत असतानाही त्यांचा प्रवास थांबला नव्हता. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात मोटारीतच गाडगेबाबांचा देहान्त झाला. त्यांची समाधी अमरावती येथे असून तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

स्मृती आणि वारसा

अमरावती येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला पुढे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ असे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २००० पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवले. त्यांच्या जीवनावरील राजदत्त दिग्दर्शित ‘देवकीनंदन गोपाला’ या १९७७ च्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांची भूमिका केली. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.

शासकीय अभियानामुळे आज त्यांची ओळख प्रामुख्याने खराट्याशी जोडली गेली आहे. ती यथार्थ असली तरी अपुरी आहे. रस्ता झाडणे आणि धर्मशाळा बांधणे ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन टोके होती, कारण दोन्हींच्या मुळाशी त्या रस्त्याने चालत येणारा गरीब माणूस होता. प्रवासाची साधने वाढली, निवासाचे असंख्य पर्याय निर्माण झाले. तरीही यात्रेच्या दिवसांत वा रुग्णालयाच्या दारात ऐनवेळी पोहोचलेल्या आणि हाती पैसा नसलेल्या माणसापुढील पर्याय आजही मोजकेच असतात. त्यांपैकी काहींवर गाडगेबाबांचे नाव आहे.